भिंतीत सरकणारे दार

पावसाळ्यात दार अडले की आपण सुताराला बोलावतो. तो रंधा मारतो आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते. दोष सुताराचा नाही. लाकूड हवेतील बाष्प घेऊन फुगते व ते सोडून आकसते. मात्र सर्व दिशांनी सारखे नाही. पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या तंतूंच्या मधल्या जागेत शिरतात. तंतू एकमेकांपासून दूर सरतात, पण त्यांची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून दार उंचीत नव्हे, रुंदीत वाढते.

भिंतीतील पोकळीत सरकणाऱ्या दाराला या वाढीची अडचण होत नाही. तिला पोकळीत जागा असते. तेथे भीती असते ती बाक येण्याची. एका बाजूला रोगण आणि दुसरी कोरी असेल, तर कोरी बाजू अधिक फुगते, दार वाकते आणि आत घासते. म्हणून दार बसवण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना व चारही कडांना सारखे रोगण द्यावे. चौकटीच्या एका बाजूची झाकपट्टी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावी, म्हणजे पुढे भिंत न फोडता दार बाहेर काढता येते.

हे वर्गातही पडताळता येईल. एकाच फळीतून दहा सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापून घ्या. एक रेषांच्या दिशेने, दुसरी रेषांना आडवी. त्या रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. कोणती पट्टी वाढली आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.