जुन्या कार्डांचा फेरफार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, मोठ्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेली संगणकयंत्रे विकत मिळतात. आणि वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी एखाद्या शाळेला, सेवा केंद्राला वा नादिष्ट तरुणाला आठ डिस्क बसतील असे यंत्र हवे असेल, तर नव्याची किंमत ऐकून तो अशाच मालाकडे वळणार, हे ओघानेच आले. यंत्र गावी पोहोचते, पंखे घोंघावू लागतात, दिवेही यथास्थित लुकलुकतात. परंतु लिनक्स चढवावयास घ्यावे, तो पडद्यावर उत्तर येते की या यंत्रात एकही डिस्क नाही. कार्ड जळाले असे समजून विक्रेत्याशी हुज्जत घालण्यापूर्वी त्या कार्डाचे नाव कोणत्या दप्तरात आहे आणि कोणत्या दप्तरातून कमी झाले आहे, याची चौकशी करणे इष्ट.

डिस्क आणि मुख्य फलक यांच्यामधला कारभार पाहणाऱ्या कंट्रोलर कार्डावर दोन क्रमांक कायमचे कोरलेले असतात, एक निर्मात्याचा व दुसरा नमुन्याचा, आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की ते वाचता येतात. एलएसआय कंपनीच्या एसएएस२००८ या एके काळी सर्वत्र आढळणाऱ्या चिपचा क्रमांक १०००:००७२. डेलच्या पर्क एच२०० कार्डावर हीच चिप बसविलेली असे. लिनक्सच्या गाभ्यातील प्रत्येक ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची एक यादी असते, आणि यादीत क्रमांक सापडला तरच तो ड्रायव्हर त्या कार्डाची जबाबदारी पत्करतो. मे २०१९ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची ८ वी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘एमपीटी३एसएएस’ हा ड्रायव्हर जागच्या जागी राहिला, परंतु त्याच्या यादीतून १०००:००७२ वगळण्यात आला. थ्रीवेअर कार्डांचे तर संपूर्ण ड्रायव्हरच गेले. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून वावर नाहीसे होत नाही. हे कार्डही तसेच धडधाकट, फक्त बेदखल.

रेड हॅटच्या बाजूने पाहता हा निर्णय अन्यायाचा म्हणता येत नाही, कारण जी कंपनी आपल्या प्रणालीची हमी दहा वर्षे वाहते, तिने निर्मात्यानेच वाऱ्यावर सोडलेल्या सामानाची परीक्षा कोठवर करीत बसावी? शिवाय मूळ लिनक्सच्या गाभ्यातून ही नावे कधी गेलीच नाहीत. डेबियन चढविले की तेच कार्ड निमूटपणे ओळखले जाते, आणि माझ्या मते खेड्यातल्या माणसाने प्रथम हाच मार्ग धरावा. ज्याला रेड हॅटच्याच कुळातील प्रणाली हवी, त्याच्यासाठी ‘ईएलरेपो’ या स्वयंसेवी उपक्रमाने वगळलेले ड्रायव्हर नव्याने बांधून ठेवले आहेत. आणि आल्मालिनक्सने मे २०२४ मधील ९.४ या आवृत्तीत अशी पुष्कळ नावे आपल्या दप्तरी पुन्हा दाखल करून घेतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्सने आपल्या प्रणालीची पहिली वर्दी जगाला दिली, तेव्हा तीत एटी जातीच्या डिस्कखेरीज दुसरे काही बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याजवळ तेवढेच आहे, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले होते. पुढची सगळी भर ज्याच्या घरी जे कार्ड होते त्याने घातली.

अडचण एकच अशी आहे की नवशिका तीत हटकून सापडतो. ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्क ड्रायव्हरवाचून दिसत नाही, हा पेच सोडविण्याकरिता प्रारंभीच स्मृतीत चढणारा ‘इनिटरॅमएफएस’ नावाचा लहानसा गठ्ठा असतो. ईएलरेपोचा ड्रायव्हर स्थापनेच्या वेळी ‘इन्स्ट.डीडी’ या सूचनेने पुरवावा लागतो आणि नंतर त्या गठ्ठ्यातही पोहोचला आहे याची खातरजमा करावी लागते. सिक्युअर बूट चालू असेल, तर मान्य सहीवाचून आलेला ड्रायव्हर दारातूनच परत पाठविला जातो.

कार्ड ओळखले गेल्यावर त्याच्या स्वभावाचा प्रश्न उरतो. रेडवाली कार्डे अनेक डिस्कची मोट बांधून प्रणालीस एकच डिस्क दाखवितात, उलट झेडएफएससारख्या फाइल-व्यवस्थेला प्रत्येक डिस्क उघडीवाघडी हवी असते. म्हणून जाणकार मंडळी एसएएस२००८ कार्डांवरील मूळ फर्मवेअर काढून ‘आयटी’ प्रकारचे साधे फर्मवेअर चढवितात. सन मायक्रोसिस्टिम्सची ही झेडएफएस लिनक्सच्या गाभ्यात आणण्याच्या खटपटीत अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने घातलेल्या पायावर २०१० च्या सुमारास पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीने मोठी मजल मारली होती, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सांगितली जावयास हवी होती तितकी सांगितली गेली नाही. डेलची काही कार्डे घरगुती फलकात बसविली की यंत्र सुरूच होत नाही. तेव्हा कार्डाच्या कडेवरील बी५ व बी६ या दोन पट्ट्यांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावावा. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण लागू पडतो.

बॅटरीची गोष्ट वेगळी. पर्क ६/आय यासारख्या कार्डावर २५६ मेगाबाइटची स्मृती आणि वीज जाताच तिच्यातील मजकूर जिवंत ठेवणारी बॅटरी असते. जुन्या कार्डाची बॅटरी बहुधा मेलेलीच असते, मग कार्ड सावधपणे थेट डिस्कवर लिहू लागते आणि मंदावते. वेगाच्या लोभाने आधी स्मृतीत लिहिण्याची जुनी रीत बळजबरीने चालू करणाऱ्याने, केनवडला वीज जाण्याआधी कुणी वर्दी देत नाही, हे ध्यानी ठेवावे.

पर्क ६/आयच्या पिढीच्या कार्डांना मात्र एक मर्यादा अशी आहे की तिच्यापुढे कोणताही फेरफार चालत नाही. डिस्कवरील खणांचा क्रमांक ती ३२ बिटांत मोजतात. ५१२ बाइटचा एकेक खण धरला तर बेरीज २,१९९,०२३,२५५,५५२ बाइटांशी, म्हणजे ढोबळमानाने दोन टेराबाइटांशी संपते, आणि चार टेराबाइटची डिस्क जोडली तरी वरचा भाग वापरात येत नाही. असे कार्ड हाती आले असेल तर दोन टेराबाइटपर्यंतच्याच डिस्क घ्याव्यात. मोठ्या हव्या असतील तर विकत घेतानाच एसएएस२००८ मागावे, त्याला ही अडचण नाही.