उंबर, केंबरू आणि वृक्षतोडीचा पंचनामा

रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या वृक्षांच्या जाहीर नोटिसा एव्हाना वाचकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. हरकती मागविल्या जातात, पंचनामा होतो, आणि एका खोडाच्या बदल्यात अमुक रोपे लावण्याचा हुकूम निघून दप्तर बंद होते. परंतु त्या यादीत उंबर असेल तर हा हिशेब मुळातच चुकतो, आणि तो का चुकतो हे उमजण्यासाठी उंबर फोडताच उडणाऱ्या केंबरांकडे, त्या इवल्या कीटकांकडे, पाहिले पाहिजे.

सेराटोसोलेन फ्युसिसेप्स हे त्यांतील परागवाहक जातीचे शास्त्रीय नाव. उंबराचे फळ म्हणजे आतल्या बाजूने फुललेला बंदिस्त फुलोरा. त्याच्या तोंडावरील खवल्यांमधून ही इवलीशी मादी इतक्या निकराने आत शिरते की तिचे पंख व स्पर्शिका बहुधा तेथेच तुटतात. वक्षावरील पिशव्यांतून आणलेले पराग ती फुलांना देते, काही बीजकोशांत अंडी घालते, उरलेल्यांत बी धरते, आणि तिचा अंत तेथेच होतो. पुढल्या पिढीतील बिनपंखी नर माद्यांशी समागम करून, फळाच्या भिंतीला भोक पाडून प्राण सोडतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात.

या घरात आगंतुकही आहेत. बाहेरूनच फळ भेदून आतील अळ्यांवर अंडी घालणाऱ्या एका परोपजीवी जातीच्या, केसाहून बारीक अंडनलिकेचे दातेरी टोक जस्ताने बळकट झालेले असते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नम्रता गुंडय्या व लक्ष्मीनाथ कुंदनाती यांनी २०१४ साली दाखविले. निसर्गातील कारागिरीचा याहून विलक्षण दाखला माझ्या पाहण्यात नाही.

परंतु खरा पेच पुढेच आहे. एका उंबराची फळे बहुधा एकाच वेळी एका अवस्थेत असतात. म्हणून बाहेर पडलेल्या मादीला, एकदोन दिवसांच्या आयुष्यात, गंधाच्या मागाने आणि वाऱ्याच्या आधाराने, फुलोरा नुकता तयार झालेला दुसरा उंबर गाठावाच लागतो. नामिबियातील तिच्याच कुळातील एक जात वाळवंटी नदीकाठी १६० किलोमीटरांपर्यंत पराग नेते, असे २००९ साली आढळले. तथापि वाऱ्यावर निघालेल्या असंख्य माद्यांपैकी फारच थोड्या मुक्कामी पोचतात, आणि मधले झाड नाहीसे झाले की त्याही घटतात. बदली रोप फळू लागेपर्यंत वर्षे जातात. केंबरांचा वंश तेवढा काळ थांबू शकत नाही.

तेव्हा महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये दर पाच वर्षांनी करावयाच्या वृक्षगणनेत प्रत्येक उंबरापुढे खोडाच्या घेराबरोबर फळण्याचे महिनेही नोंदवावेत, आणि आसपासच्या उंबरांची ही नोंद पाहिल्यावाचून वृक्ष प्राधिकरणाने तोडीचा परवाना देऊ नये.