मिठाची जागा बर्फाला

वऱ्हाडातल्या घराची साठवण मीठ आणि ऊन यांच्या भरवशावर चालते. वैशाखात पारा ४४च्या पुढे सरकला की अंगणात, गच्चीवर, बाजेवर जुनी लुगडी अंथरली जातात आणि पापड, कुरडया, खारोड्या, मुगवड्या यांची रांग लागते. मग कैरीचं लोणचं. पाहुणा अवेळी आला, सोंगणीच्या दिवसांत शेतातून यायला रात्र झाली, घरात कोणी आडवं पडलं, तर याच डब्या-बरण्यांवर घर निभतं. पण आजारच असा निघाला की त्यात मीठ मोजून खायचं, तर ही सगळी तजवीज एका दिवसात बाद होते. इंझोरी गावातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी नेमकं तेच झालं.

तिचं हृदय थकलं आहे. ओट्याजवळून दारापर्यंत आली की धाप लागते, संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि दुबळ्या हृदयाला ते वाढीव पाणी पुढे ढकलता येत नाही. ते पायांत उतरतं, फुफ्फुसांत साठतं. म्हणून लघवीच्या गोळ्या, मोजून पाणी आणि मोजून मीठ. धडधाकट माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे एवढं मीठ वरण, भाजी आणि लोणच्याच्या फोडीतच संपतं. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार असतो, आणि शेवटी तोही सोडियमच.

मुलं पुण्याला. घरात ती आणि तिचे यजमान, माझे भाऊजी. भाऊजींना चहा येतो, गॅस पेटवता येतो, त्यापुढे स्वयंपाकघराशी त्यांची ओळख नाही. दिवाळीला मुलाने स्लो कुकर आणून दिला होता, तो खोक्यातच पडून होता. तिला उभं राहून रांधणं झेपत नाही, आणि मला रोज दोन घरांचा स्वयंपाक जमत नाही. तेव्हा ठरवलं की माझ्या घरी एका बैठकीत पाकिटं तयार करून बर्फाच्या खणात ठेवायची, भाऊजींनी त्यातलं एक सकाळी कुकरमध्ये रिकामं करायचं आणि बटण लावायचं. पापडाला मीठ टिकवतं, या पाकिटांना थंडी टिकवणार.

हे यंत्र परक्या मुलखातलं असलं तरी ते मुळात कडधान्यासाठीच जन्मलं. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० साली त्याचं पेटंट मिळवलं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत, म्हणून त्यांची आजी लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळीच कडधान्य आणि मांसाचं भांडं बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवायची, ही घरात ऐकलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. पुढे १९७१मध्ये अमेरिकेत ते क्रॉकपॉट या नावाने घरोघरी गेलं. चिनी मातीचं जाड भांडं, भोवती मंद आच, वर घट्ट झाकण आणि सहा ते आठ तासांचा धीर, एवढाच त्याचा कारभार.

आमच्याकडे त्यात शिजायला सगळ्यात योग्य पदार्थ म्हणजे अंबाडीची भाजी: तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीचा आंबटपणा. पोट भरतं, वेगळी भाकर लागत नाही, आणि आंबट असल्यामुळे जिभेला मिठाची उणीव कमी जाणवते. पण या एका पदार्थानेच मला जास्तीत जास्त विचार करायला लावला.

पहिली अडचण पाण्याची. आमचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचा गर सैल पडत नाही, ती तासन्तास टणक राहते. यावर गावात एकच उपाय माहीत आहे: चिमूटभर खायचा सोडा. पण सोडा म्हणजे पुन्हा सोडियम, तो तिच्या घरात बाद. मग डाळ रात्रभर भिजवायची, तीही पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात, आणि निथळून गोठवायची. भिजलेली डाळ गोठली की आतल्या पाण्याचा बर्फ फुगून तिचा कण आतून फाटतो, त्यामुळे पुढे शिजायला ती नरमते. फ्रीझर इथे साठवणीबरोबर अर्धं शिजवण्याचंही काम करतो.

दुसरी अडचण अंबाडीची. आंबट पदार्थ आधी पडला की डाळ शिजत नाही, हे प्रत्येक वऱ्हाडी बाईच्या हाताला माहीत असतं. गॅसवर आपण आंबट शेवटी टाकतो. पण सगळं एकत्र टाकून झाकण लावायच्या कुकरमध्ये शेवट कुठला? म्हणून पाकिटं दोन. मोठ्या पाकिटात भिजलेली तूरडाळ, मूठभर चणाडाळ, धुतलेल्या कण्या, कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) फोडी, आलं, लसूण, जिरं, हळद. लहान पाकिटात फक्त अंबाडी. पाला खुडून उकळायचा, ते आंबटढाण पाणी फेकायचं, पाला घट्ट पिळायचा आणि बारीक चिरून तळहाताएवढी पातळ वडी करून गोठवायची. सकाळी मोठं पाकीट, जेवणाआधी तासभर लहान.

पाणी घालतानाही हात आखडता. स्लो कुकरच्या घट्ट झाकणातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे गॅसवरच्या मापाने पाणी घातलं तर पातळ सार होतं. आणि हृदयाच्या रुग्णाला वरणातलं, सारातलं पाणीही दिवसाच्या हिशेबात धरावं लागतं. तिचं जेवण घट्टच हवं, चमचा उभा राहील इतकं.

पाकिटं भरायला मी दुपार निवडते, कारण सकाळी शेताची घाई असते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत जिन्नस भरायचे, तोंडाकडून हाताने चेपत हवा बाहेर काढायची आणि पिशवी स्टीलच्या ताटावर आडवी ठेवायची. हवा राहिली तर भाजीवर पांढरे कोरडे डाग पडतात, चव जाते. पिशवी काठोकाठ भरायची नाही, पाण्याचा बर्फ होताना तो दहा टक्क्यांच्या आसपास फुगतो. आडवी गोठवलेली पाकिटं पाटीसारखी सपाट होतात. मग ती उभी करून रांगेने लावता येतात आणि हवं ते चटकन सापडतं.

शिजवून ठेवायचे पदार्थ वेगळे. वांग्याचं भरीत मी अंगणातल्या चुलीवर तुराट्यांच्या जाळात भाजते. साल काढून, गर चेचून, मिठाशिवाय थेट पाकिटात. जाळाचा तो धुरकट वास बर्फातही टिकतो आणि खाताना मिठाची बरीचशी उणीव भरून काढतो. पण शिजवलेलं अन्न गरम असताना खणात गेलं तर शेजारची पाकिटं वितळायला लागतात, आणि आश्विनातल्या उकाड्यात पातेलं आपोआप निवायला संध्याकाळ होते. कोमट अन्नात जंतूंचं फावतं. म्हणून ते परातीत पातळ पसरायचं, परात थंड पाण्याच्या घमेल्यावर ठेवायची आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

काही गोष्टी गोठवायच्या नादी लागू नये. बटाटा बर्फातून आला की स्पंज होतो. दही आणि कढी फाटते. कोथिंबीर काळी पडते. चून, म्हणजे पिठलं, तर दहा मिनिटांत होतं, त्याला साठवायचं कशाला? राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा कधीच घालू नये. त्यातला विषारी घटक नष्ट व्हायला खळखळून उकळी लागते आणि मंद आच तिथवर पोहोचत नाही. तो आधी दहा मिनिटं चांगला उकळून मगच घ्यायचा. वाळवणातलं एकच या घरात पुन्हा आलं: मुगवड्या. डाळ वाटून मीठ न घालता वड्या घातल्या आणि वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवल्या, तर त्या टिकतात. पापडाचं तसं होत नाही, खाराशिवाय त्याचं पीठ लाटताना चिरतं.

आता लाईनचं, म्हणजे विजेचं. इंझोरीत लाईन जाते. वाऱ्याने जाते, डीपी जळाली तर दोन-दोन दिवस जाते. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता दोनेक दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. पण तिच्याकडे एका दाराचा फ्रीज आहे, त्याचा बर्फाचा खण तेवढा दम धरत नाही. म्हणून तिच्या घरी थोडीच पाकिटं, बाकीची माझ्याकडे. तिच्या खणात एक वाटी ठेवली आहे, तिच्यात पाण्याचा बर्फ आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं. भाऊजी पाकीट काढण्याआधी नाणं पाहतात. ते वर असेल तर ठीक. बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर आपल्या नकळत सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ती पाकिटं गाईलासुद्धा द्यायची नाहीत.

कुकर चालू असताना लाईन गेली तर झाकण उघडायचं नाही, एकदा उघडलं की वीस-पंचवीस मिनिटांची आच वाया जाते. लवकर आली तर शिजणं पुढे चालू. येण्याचं चिन्ह नसेल तर सगळं पातेल्यात ओतून गॅसवर उकळायचं. आणि लाईन असूनही फसगत होऊ शकते, कारण व्होल्टेज. २३० व्होल्टवर चालणाऱ्या कुकरला १८० मिळाले तर त्याची आच साठ टक्क्यांवर येते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. हे गणित भाऊजींना सांगायची गरज नव्हती. पंखा रेंगाळत असेल तर कुकर ‘लो’वरून ‘हाय’वर करा, एवढंच सांगितलं.

गोठलेलं पाकीट थेट कुकरमध्ये टाकायचं नाही हेही असंच पक्कं करून घेतलं. बर्फाचा ठोकळा मंद आचेवर फार वेळ कोमट राहतो, आणि गरम मातीचं भांडं त्याने तडकूही शकतं. आदल्या रात्री पाकीट खणातून काढून फ्रीजच्या खालच्या फळीवर, वाटीत ठेवायचं. सकाळी आठला कुकरमध्ये. “ताई, हे बटन कोन्या बाजूले फिरवाचं?” या प्रश्नावरून मला लेबलांचं महत्त्व कळलं. पिशवी भरण्याआधीच, ती कोरडी असताना, कागदी टेपवर मोठ्या अक्षरांत लिहायचं: पदार्थ, तारीख, पाणी किती वाट्या, बटण कुठे, लहान पाकीट किती वाजता. आणि सगळ्यात वर, लाल शाईने: मीठ नाही, घालू नये. हा इशारा भाऊजींसाठी नाही. भेटायला आलेली एखादी काकू चव पाहते आणि प्रेमाने मुठीतलं मीठ पातेल्यात सोडते, तिच्यासाठी आहे.

तिच्या वाट्याचं मीठ वेगळंच आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं मीठ सकाळी एका छोट्या डबीत काढतात, आणि ती ते ताटात वरून भुरभुरते. शिजताना आत मुरलेल्या मिठापेक्षा वर पडलेलं जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोड्यात भागतं. बाजारात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणायचं नाही. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीवर चढू शकतं. पालेभाजीचंही तेच: रक्त पातळ ठेवणारी काही औषधं चालू असतील तर हिरवा पाला किती आणि कसा, हे डॉक्टरांनीच सांगायचं. तिच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारल्यावरच अंबाडीला हात लावला.

पहिली पाकिटं नेली तेव्हा मी फोडणीसुद्धा तयार करून दिली होती, छोट्या बाटलीत तेल, लसूण, लाल मिरची. ती बाटली तिने बाजूला सारली. “मले सगळं आयतं नको देऊ वो. मी का पाहुनी हाओ? फोडनी मीच देईन.” खुर्ची ओट्याजवळ ओढून, बसल्या बसल्या, लोखंडी पळीत ती फोडणी करते. दोन मिनिटांचं काम, धाप लागत नाही. ताजी फोडणी बाटलीतल्या फोडणीपेक्षा खमंग लागते, हे खरंच. पण ती पळी हातात असेपर्यंत त्या घरचा स्वयंपाक तिचाच राहतो. तेव्हापासून प्रत्येक पाकीट मी मुद्दाम अर्धवट ठेवते. डाळ माझी, आच कुकरची, मीठ आणि फोडणी तिची.

कुणासाठी असं करायचं असेल तर भाजी चिरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्या: मीठ किती, पाणी किती, गोळ्या कोणत्या आणि बर्फाचा खण केवढा. पाचवी गोष्ट विचारावी लागत नाही, जेवणारा स्वतः सांगतो. परवा रिकाम्या पिशव्या परत करताना ती म्हणाली, “कोहळं लय गोड लागते बाई. कमी टाकजो, लसन वाढवजो.” या खेपेच्या पाकिटांत कोहळ्याऐवजी दुधी आहे आणि लसूण दुप्पट.