इंडक्शन बिघडलीये की भांडं चुकलंय?

पीजीत किंवा भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: "इंडक्शन चालू होते, बीप-बीप करते आणि बंद पडते." लगेच नवीन ऑर्डर करू नका. आधी फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि भांड्याच्या बुडाला लावून बघा.

कारण इंडक्शन स्वतः तापत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात करंट फिरतो आणि बूडच तापतं. त्यासाठी मॅग्नेट घट्ट चिकटेल असं बूड लागतं. घरून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर, तांबट आळीतलं सुंदर तांब्याचं पातेलं, दोन्ही इथे बिनकामाचे. मॅग्नेट चिकटतंय, तरी बीप? मग बूड फारच छोटं असेल. एका कपाच्या चहाचं भांडं बऱ्याच शेगड्यांना 'दिसतच' नाही.

मंद आचेवर दूध उकळतं, थांबतं, परत उकळतं, हा बिघाड नाही. बऱ्याच स्वस्त मॉडेल्समध्ये कमी पॉवर म्हणजे चालू-बंद, चालू-बंद, एवढंच असतं.

दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर शेगडी उलटी करून बघा (थंड झाल्यावर, प्लग काढून). खालच्या फॅनच्या जाळीत धूळ, तेलकट थर, कधीकधी झुरळंसुद्धा असतात. आणि खाली पेपर किंवा टॉवेल अंथरत असाल तर हवा जायची कुठून? स्वयंपाक झाल्या झाल्या भिंतीवरचं बटणही बंद करू नका, फॅनला आतला भाग थंड करू द्या. स्क्रीनवर ई-वन, ई-टू असं काही आलं तर त्याचा अर्थ मॅन्युअलमध्येच बघा, प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात.

आता खरी काळजीची गोष्ट. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर फुल पॉवरला जवळपास 8.7 अँपिअर खेचते. खोलीतला साधा छोटा सॉकेट असतो 6 अँपिअरचा. मोठा प्लग त्यात बसत नाही, मग आपण स्वस्तातला कन्व्हर्टर लावतो. मीही लावला होता. एका रात्री मॅगी होईपर्यंत जळका वास आला, सॉकेट पिवळा पडून मऊ झाला होता. शेगडी ठणठणीत होती! प्लग हाताला गरम लागला तर तिथेच थांबा. 16 अँपिअरचा पॉइंट वापरा, नसेल तर घरमालकाच्या मागे लागून इलेक्ट्रिशियनकडून तो वायरिंगसकट करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

काचेला बारीक तडा गेला असेल तर "चालतंय ना" म्हणू नका. उतू गेलेला चहा तिथून आतल्या विजेपर्यंत पोचतो. अजिबातच चालू होत नसेल तर आधी त्याच पॉइंटवर दुसरं काहीतरी लावून बघा. तेही बंद? मग एमसीबी पडलाय का ते बघा. ते चाललं, तर बहुधा आतला फ्यूज उडालाय, पण तो अनेकदा मोठा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यामुळे उडतो. नुसता फ्यूज बदलला तर परत उडणार. यूट्यूब बघून घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. आणि तापकीर गल्लीत पार्ट शोधायला निघण्याआधी वॉरंटी संपलीये का, तेवढं बघा.