ताटांची आणेवारी

टंचाई मोजण्याची आपली मापे ठरलेली आहेत. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, धरणांतील साठा टक्क्यांत सांगतात, पिकाची आणेवारी काढतात. परंतु घरात आलेले तुटपुंजे धान्य कोणाच्या ताटात किती पडले, याची आणेवारी काढण्याची गरज आपल्याला कधी भासली नाही.

नाशिक जिल्ह्यात टंचाईची दोन रूपे दिसतात. पूर्वेकडील येवला, नांदगाव या तालुक्यांच्या पाचवीला अवर्षण पुजलेले. पश्चिमेकडील पेठ, सुरगाण्यात पाऊस उदंड. पण गरिबाघरची नागली-वरई ऐन पावसाळ्यात संपते आणि नवे पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते. मधले दिवस निभावतात ते बाईच्या जाणतेपणावर. कुर्डू, टाकळा, कवळा कोठे उगवतो हे तिला ठाऊक असते. कडूकंदाचा कडवटपणा पुनःपुन्हा उकळून घालवण्याची विद्याही तिचीच.

१९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर दिवसभर खडी फोडून आलेली बाई संध्याकाळी रेशनच्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापू लागे. पुरुषाचा दिवस कामावर संपे. तिची दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होई. त्याच वर्षी मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया संघटित झाल्या आणि पुढे लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील प्रश्न हा राजकारणाचाच प्रश्न आहे, हे त्या लाटण्यांनी सुनावले.

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरते घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. पत्रिकेवर तिचे नाव आले, पंगतीतील तिचा क्रम मात्र बहुतेक घरांत शेवटचाच राहिला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याला कारणे अनेक. परंतु उरलेसुरले खाण्याची रीत त्यांतून वगळता येणार नाही.

या उपासाला आपण त्याग म्हणतो. गौरवाला खर्च येत नाही, म्हणून तो सढळ हाताने केला जातो. वास्तविक हा त्याग नसून कुटुंबाची तूट एकाच व्यक्तीच्या अंगावरून वसूल करण्याची व्यवस्था आहे. ती मोडण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसावे आणि वाढण्यापूर्वी तिचे ताट मांडले आहे की नाही, एवढे पाहावे.