जुना जोडा, नवी ईद

रमजानचा शेवटचा आठवडा आला की मुखेडच्या बाजारात कपड्यांइतकीच गर्दी चपला-बुटांच्या दुकानांत होते. लेकरांचा हट्ट पुरवावाच. पण मोठ्यांनी ईदला नवेच घालावे, असा काही नियम नाही. जवळ आहे त्यातले चांगले आणि स्वच्छ घालावे, एवढेच अपेक्षित आहे.

हजरत पैगंबर (स.) घरात काय करीत, असे विचारले तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते आपले कपडे शिवत आणि वहाणाही स्वतः दुरुस्त करीत. इस्लाममध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे. चांगल्या कातड्याचा जोडा दोन वर्षांत टाकून देणे हीसुद्धा उधळपट्टीच.

जोडा टिकवणे अवघड नाही. लेस काढून ब्रशने धूळ झाडावी, शिवणीतली मातीही काढावी. पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. कडक उन्हात कातड्यातला ओलावा आणि तेल जाते, मग ते तडकते. पॉलिश पातळ लावून थोड्या वेळाने मऊ कापडाने घासावे. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. रोज एकच जोडा न वापरता एक दिवसाआड घातला, तर आतला घाम सुकतो. कोल्हापुरी चप्पल पाण्यापासून जपावी आणि अधूनमधून तिला तेलाचा हात द्यावा.

टाच झिजली, शिवण उसवली की लगेच कारागिराकडे जावे. एक टाका लांबवला की पुढे तळच सुटतो.

त्या कारागिराला आपण कसे वागवतो, हाही प्रश्न आहे. कमावलेले कातडे पाक होते, असे हदीस सांगते. ते कमावणाऱ्या हातांना मात्र आपल्या समाजाने शतकानुशतके दूर ठेवले. इथून जवळच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात चर्मकार शरण हरळय्या यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातल्या मधुवरसांच्या मुलीशी झाला. त्यापायी दोन्ही पित्यांना देहदंड सोसावा लागला.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी पैगंबरांची शिकवण आहे. चांदरातीला जोडा शिवून घ्याल, तेव्हा पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याला त्यांनाही आठवणीने बोलवा.