तोंडात चार, पाय पाचात

चार वर्षांची एक मुलगी खडूने आखलेल्या घरांतून उड्या मारत निघाली आहे. एक, दोन, तीन इथपर्यंत तोंड आणि पाय बरोबर चालतात. चौथ्या उडीला तोल जातो, सावरताना आणखी एक पाऊल पडतं आणि ती पाचव्या घरात जाऊन उभी राहते. तोंडातून मात्र ‘चार’ निघतं. बाजूला उकिडव्या बसलेल्या ताई काही बोलत नाहीत. मुलगी पायाखाली बघते, मागच्या रिकाम्या घराकडे बघते आणि कुणी न सांगता एक घर मागे येते.

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, आर्टिस्ट व्हिलेजमधल्या एका चौकात मी हे पाहत होते. बालवाडी भरते शेजारच्या घरातल्या पुढच्या खोलीत, पण सकाळचा पहिला वेळ बाहेरचा. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोच्या या वसाहतीची रचना केली. सात घरांमध्ये साधारण आठ मीटर लांब-रुंद असा एक चौक आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांना बारा मीटरचं मोठं अंगण. पुढे लोकांनी घरं वाढवली, पाडून नवी बांधली, मजले चढवले. तरी पुष्कळ चौक मोकळे राहिले. आठ मीटर हे माप मला फार मोलाचं वाटतं. चार वर्षांच्या मुलाला त्यात मनसोक्त धावता येतं, आणि हाक मारली की ऐकूही येतं.

घरं आखायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. ताई एका काठीने मोजून सगळी घरं अगदी सारखी आखतात, एकापुढे एक, सरळ रेषेत, एक ते दहा. दुपदरी ठिकरीसारखा आराखडा त्या इथे मुद्दाम टाळतात. सात हा पाचाच्या दोन उड्या पुढे आहे, हे मुलाला आधी पायांनी कळायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येक उडी सारख्याच लांबीची पडायला हवी. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये अशाच सरळ पट्टीवरचा एक ते दहाचा सोंगटीचा खेळ बालवाडीतल्या मुलांना दिला. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका झाल्या, तेवढ्यानेच मुलांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांचा दिला, तेव्हा तसं झालं नाही. जर्मनीत २०११ मध्ये उर्सुला फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना जमिनीवरच्या चटईवर अंगाने हालचाल करत संख्यांची तुलना करायला लावली. त्याचाही फायदा दिसला.

म्हणजे नुसत्या उड्यांनी गणित येत नाही. धावणं मुलांना हवंच. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातला निदान एक तास चांगलं दमवणारा असावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. पण संख्या कळायला त्या हालचालीशी संख्येची गाठ पडावी लागते. ती गाठ कुठे सैल आहे हे ओळखणं, हेच ताईंचं खरं काम.

सगळ्यात जास्त वेळ मी बाटलीच्या झाकणांच्या खेळापाशी उभी होते. चौकाच्या एका टोकाला झाकणांचा ढीग, दुसऱ्या टोकाला ताई. ‘मला चार आणून दे.’ तीन वर्षांचं पोर धावत जातं आणि मूठभर घेऊन येतं. ‘एक, दोन, तीन, चार’ हे त्याला धडाधड म्हणता येतं, पण चार म्हणजे थांबायची जागा, हे अजून उमगलेलं नाही. थोडी मोठी मुलं वाटेत ‘चार, चार, चार’ पुटपुटत धावतात. मध्येच मांजर दिसलं की चार हरवतात. एक मुलगा ढिगापाशी पोचून थबकला, मागे वळून ओरडला, ‘ताई, किती?’ मला तो प्रश्न फार आवडला. आकडा आपल्या हातून निसटला हे त्याला कळलं होतं. पळताना एक संख्या मनात धरून ठेवणं, वाटेतल्या ओढीला न भुलणं आणि नेमकं तिथेच थांबणं, हे सगळं त्या आठ मीटरांत होतं. पाटीवर चारचा आकडा गिरवताना यातलं काहीच करावं लागत नाही.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवली. बेलापूरची झाकणं आणि खडू मला त्याच घराण्यातले वाटतात.

न्यायला आलेल्या एका आजोबांनी वही चाळली. ‘ताई, वही कोरीच आहे हो अजून.’ त्यांची काळजी खरी होती. पहिलीच्या प्रवेशाचं ओझं घराघरांत आहे. ताईंनी वाद घातला नाही. नातीला म्हणाल्या, ‘आजोबांना तुळशीपर्यंत मोजत ने.’ नातीची चौदा पावलं झाली, आजोबांची सहा. नात म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही चुकलात.’ आजोबा पुन्हा चालले, पुन्हा सहाच. मग दोघांनी पावलाला पाऊल लावून पाहिलं. मोजमापाचा पहिला पेच त्या मुलीपुढे उभा होता आणि वहीचा विषय मागे पडला होता.

एक अडचण मात्र ताईंना अजून सुटलेली नाही. तिसऱ्या घरात उभ्या असलेल्या मुलाला ‘दोन उड्या पुढे जा’ म्हटलं, की ते आपलं उभं असलेलं घरही मोजतं आणि चौथ्यावरच थांबतं. यासाठी पहिल्या घराच्या मागे, जिथून उडी सुरू होते तिथे, त्यांनी एक बिनआकड्याचं घर आखून ठेवलंय. त्यात उभं असताना काही मोजायचं नाही, पाय उचलला की मोजायचं. त्या घरात शून्य आत्ताच लिहावं, की एखाद्या मुलानेच ‘याचा नंबर काय?’ असं विचारेपर्यंत थांबावं, यावर त्यांचं आणि मदतनीस बाईंचं एकमत व्हायचंय. माझं मत विचारलं, तेव्हा मी थांबावं असं म्हटलं.